एक जूनवाला

कोथरूड, पुणे
१२ एप्रिल २०२६

तीर्थस्वरूप द्वारकाअक्कास,
धाकट्या उत्तरेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

संपतने आणून दिलेली तूरडाळ पोचली. तुझ्या मुलाने एवढं ओझं एसटीतून खांद्यावर आणलं, म्हणून त्याला दोन दिवस ठेवून घ्यायचा आमचा विचार होता, पण शेताचं निमित्त सांगून तो चहा पिऊन पळाला. डाळ छान शिजते. पुण्याच्या डाळीला चव नसते हे तुझं मत माझ्या सुनेलाही आता पटलं आहे. भाग्यश्री आमटीत साखर मात्र घालतेच.

तुला फोनवर ऐकू येत नाही याचं पूर्वी वाईट वाटायचं. आता वाटत नाही, कारण त्या निमित्ताने घरात अजून पत्र येतं. पोस्टमन आमच्या इमारतीत फक्त माझ्यासाठी थांबतो, बाकीच्यांना नुसती बिलं.

मागे तुला माझ्या फळ्याबद्दल लिहिलं होतं. सोसायटीच्या फाटकाजवळ, वॉचमनच्या खोलीला लागून तो आहे. आधी त्यावर पाणी कधी जाणार एवढंच लिहायचे. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी त्यावर रोजचा दिनविशेष लिहितो, म्हणजे त्या तारखेला पूर्वी काय काय घडलं ते. पुणेकर ते वाचतात, पण कौतुक करत नाहीत. चूक सापडली की खाली खडूने दुरुस्ती करतात आणि सही करत नाहीत. एकदा चूक सापडली नाही, तर अक्षर बरे काढावे असं कोणीतरी लिहून गेलं. त्यामुळे मी प्रत्येक गोष्ट पडताळून लिहितो.

आता मुद्द्यावर येतो. येत्या एक जूनला कागदोपत्री मला पंचाहत्तर वर्षं पुरी होतात. संतोषने सोसायटीचा हॉल ठरवला आहे. अमृतमहोत्सव करायचा, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं, जेवण, भाषणं, सगळं. मी नको म्हणालो तर पोरगा रुसला आहे.

अक्का, एक जून हा माझा वाढदिवस नाही हे तुलाही माहीत आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारली, ती घरात कोणाला सांगता येईना, म्हणून त्यांनी एक जून टाकून दिली. वर्गातल्या निम्म्या पोरांना तीच. कारखान्यात एकतीस मेच्या निरोप समारंभाला आम्हा एक जूनवाल्यांच्या खुर्च्या रांगेने मांडाव्या लागल्या होत्या, लग्नाची पंगत असावी तशा. इथेही तीच कथा. आमची इमारत ज्यांच्या शेतावर उभी आहे ते सर्जेराव एक जूनचे. खालच्या मजल्यावरच्या विजयमालाबाई एक जूनच्या. त्या मुख्याध्यापिका होत्या, तेव्हा त्यांनी स्वतः किती पोरांना ही तारीख वाटली असेल ते त्या सांगत नाहीत.

त्या दिवशी मी फळ्यावर काय लिहितो ते ऐक. १९२९ साली नर्गिसचा जन्म. १९३० साली डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली. तिच्यासाठी अजून पुणे स्टेशनवर दर वर्षी केक कापतात. १९४८ साली एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. १९९६ साली माजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी गेले. शिवाय जागतिक दूध दिन. आणि सगळ्यात खाली, सोसायटीतले वाढदिवस या मथळ्याखाली आम्ही तिघं. रेल्वे खरी, एसटी खरी, दूधसुद्धा एक वेळ खरं असेल. आम्ही तेवढे खोटे.

पंचाहत्तर वर्षं चालवून घेतलं. आता एकदा तरी खऱ्या दिवशी ओवाळून घ्यावं अशी फार इच्छा आहे. माझा जन्म झाला तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. आता हयात माणसांत तो दिवस फक्त तुलाच ठाऊक असणार. तिथी सांग, वार सांग, नुसता सण सांगितलास तरी चालेल. तारीख मी काढतो. ती मिळेपर्यंत हॉल रद्द, असं संतोषला सांगून टाकलं आहे.

तब्येतीला जप. उलट टपाली उत्तर येईल या आशेवर आहे.

तुझा,
उत्तरेश्वर


हिवरवाडी, ता. कळंब
२० एप्रिल २०२६

चिरंजीव उत्तरेश्वर यास,
द्वारकाअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. इकडे ऊन फार आहे. कैऱ्या यंदा कमी लागल्या, वाऱ्याने मोहोर झडला. तरी लोणचं घातलं आहे. भाग्यश्रीसाठी एक बरणी वेगळी काढली आहे, त्यात गूळ जास्त टाकला, म्हणजे तिला वरून साखर घालायला नको. संपत म्हणतो की पुणेकरांना गोड लोणचं आणि तिखट बोलणं लागतं. हे त्याचं मत आहे, माझं नाही.

पाटावर बसवून ओवाळायला पोरं तयार आहेत आणि तुला तारखेचं पडलं आहे. तारीख खोटी म्हणून पुरणपोळी खोटी होते का? पोरांचा हिरमोड करू नकोस. संतोष लहानपणापासून मनाला लावून घेणारा आहे. हॉल ठरवला तर ठरवला.

तू विचारलंस ते मला काही आठवत नाही. आठ वर्षांच्या पोरीला काय कळतं? त्या काळी लेकरं होत होती, जात होती, कोण दिवस लक्षात ठेवत होतं. पाऊस होता एवढं ध्यानात आहे, तेही नक्की नाही.

गुरुजींनी एक जून दिली आहे ना, तीच बरी. तिच्यावर नोकरी मिळाली, निवृत्ती मिळाली, आता पुरणपोळी मिळू दे.

गुडघ्याला तीळतेल लाव आणि फळ्यासमोर उन्हात उभा राहू नकोस. आठवण ठेवतोसच, अशीच ठेव.

तुझी,
अक्का


कोथरूड, पुणे
२८ एप्रिल २०२६

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. आणि विनंती विशेष म्हणजे तक्रार विशेष.

लोणच्याची बरणी पोचली. झाकण गळलं नाही, संपतने तिला तुझ्या जुन्या लुगड्यात बांधून आणलं होतं. भाग्यश्रीने ते लुगडं धुऊन घडी घालून ठेवलं आहे. परत हवं असल्यास स्वतः येऊन ने.

तुला आठवत नाही यावर माझा विश्वास नाही. माझ्या लग्नात नवरीकडच्यांनी कुठल्या पंगतीला भात कमी वाढला ते तू अजून सांगतेस. आबांनी कुठल्या बाजारातून कुठला बैल आणला, त्याचं शिंग कुठल्या बाजूला वाकडं होतं, तेही तुला पाठ आहे. आणि सख्खा भाऊ जन्मला तो दिवस तेवढा आठवत नाही?

मी माझ्या परीने शोध घेतला. मायच्या बोलण्यात यायचं की मी झालो तेव्हा ज्वारीची भाकरी मिळणं मुश्कील होतं. त्यावरून काही ठरत नाही, आपल्याकडे ते बाराही महिने मुश्कील होतं. बुधवार पेठेत जाऊन एक्कावन्न सालचं जुनं पंचांगही मिळवून आणलं. दुकानदाराने विचारलं की आजोबा, गेलेल्या वर्षाचा मुहूर्त काढून काय करणार. मी म्हणालो की स्वतःचा जन्म करणार. पंचांग टेबलावर उघडून ठेवलं आहे, आता फक्त तू बोट ठेवायचंस.

संतोष माझ्याशी कामापुरतं बोलतो. सर्जेरावांना मात्र काही वाटत नाही. त्यांना मी विचारलं की तुम्हाला तुमची खरी तारीख नको का. ते म्हणाले की ज्या तारखेवर सातबारा चालला ती आपल्याला खरी. असं मन मला का दिलं नाही कोण जाणे.

माझा हट्ट पोरकट वाटत असेल तर वाटू दे. रोज जगाचे वाढदिवस लिहितो, आपला माहीत नाही, हे लागतं गं. उत्तराची वाट पाहतो. या वेळी उत्तरात लोणचं नको, दिवस हवा.

तुझा,
उत्तरेश्वर


कोथरूड, पुणे
४ मे २०२६

प्रिय आत्याआजी,
सा. न. वि. वि. (हे आजोबांच्या पत्रातून कॉपी केलं आहे. चुकलं असेल तर सॉरी.)

मी अपेक्षा, संतोषची मुलगी, हे तुला माहीत आहेच. आयुष्यातलं पहिलं पत्र लिहितेय. पोस्टाचं तिकीट कुठे चिकटवायचं ते ऑफिसमध्ये टीम लीडला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. शेवटी वॉचमनकाकांनी सांगितलं.

घरात फुल ड्रामा चालू आहे. बाबांनी हॉल बुक केलाय, केटररला अॅडव्हान्स दिलाय, आणि आजोबा म्हणतात की फेक डेटवर मी पाटावर बसणार नाही. बाबा म्हणतात मग मीपण जेवणार नाही. दोघंही अगदी सेम आहेत, हे त्यांना सोडून सगळ्यांना दिसतं. मम्मी दोघांना वेगवेगळं वाढते.

माझ्याकडे एक प्रॅक्टिकल सोल्यूशन आहे. तू आजोबांना कुठलीही एक तारीख सांगून टाक. पावसाळ्यातली एखादी सांग, म्हणजे जेन्युइन वाटेल. ते व्हेरिफाय करू शकणार नाहीत, कारण साक्षीदार तू एकटीच आहेस. मग एक जूनला फंक्शन आणि त्या तारखेला घरी छोटा केक, असं मी दोघांकडून कबूल करून घेते.

जोक्स अपार्ट, आजोबा खरंच उदास आहेत. फळा लिहून झाला की आधी ते तिथेच खुर्ची टाकून बसायचे, कोण वाचतंय ते बघायला. हल्ली लिहून लगेच वर येतात. त्यांना असं बघवत नाही. काहीतरी कर ना.

पत्राचा शेवट कसा करतात ते विचारायला आजोबांकडे गेले तर त्यांना कळेल, म्हणून माझ्या पद्धतीने. खूप सारं प्रेम आहे, तूपण ठेव.

तुझी,
अपेक्षा


हिवरवाडी
९ मे २०२६

चि. अपेक्षा हिस,
आत्याआजीचे भरभरून आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र शेजारणीला, संपतला, संपतच्या बायकोला, सगळ्यांना दाखवलं. अक्षर तुझ्या आजोबासारखं आहे, म्हणजे वाईट. पण तिकीट बरोबर चिकटलं होतं.

तू सुचवलंस ते मी करणार नाही. त्याच्याशी खोटं बोलायला मला जमत नाही. आठवत नाही असं लिहिलं तेवढ्यानेच पेन अडखळलं. तुला म्हणून सांगते, मला तो दिवस माहीत आहे. चांगला लख्ख माहीत आहे. पण तो मी त्याला सांगणार नाही. सांगितला तर त्याचा पंचाहत्तरावा गोड व्हायचा तो कडू होईल, आणि पुढचे सगळेच होतील.

हे तुझ्या पोटात ठेव. आजोबाला सांगू नकोस. त्याला एवढंच सांग की अक्का म्हातारी झाली, विसरली. बापालाही सांग की वडिलांशी अबोला धरू नये, त्याला म्हणावं आत्याने सांगितलं आहे.

ऑफिसात डबा नेत जा, बाहेरचं खाऊ नकोस. पुन्हा पत्र लिही, मला आवडलं. माया आहेच, ती कुठे जात नाही.

तुझी,
आत्याआजी


कोथरूड, पुणे
१४ मे २०२६

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न.

अपेक्षाला बोलू नकोस. तिने तुझं पत्र लपवायचा प्रयत्न केला, पण मी पोस्टमनकडूनच घेतलं होतं, त्यामुळे आलंय हे मला माहीत होतं. तिला विचारलं तर ती म्हणाली की अक्का विसरली आहे, आणि खाली बघायला लागली. तिलाही खोटं जमत नाही. शेवटी पत्र माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन बसली.

म्हणजे तुला माहीत आहे. आणि मला कळलं तर कडू होईल असं काहीतरी त्यात आहे.

अक्का, पंचाहत्तराव्या वर्षी माणसाच्या डोक्यात काय काय येतं ते तुला काय सांगू. त्या दिवशी घरात कोणी गेलं होतं का? माझ्या आधीचं किंवा माझ्या बरोबरचं दुसरं एखादं मूल होतं का? मी अपशकुनाच्या दिवशी आलो असं कोणी म्हणालं होतं का? की मी तुमचा नव्हेच, कुठून तरी आणलेला? हसू नकोस. काल आरशासमोर उभा राहून आबांचं तोंड आठवत होतो.

हॉलचं काय करायचं ते करा, आता माझं काही म्हणणं नाही. पंचांगही मिटून कपाटात ठेवलं. मला तारीख नको. फक्त त्या दिवशी काय झालं ते सांग. तुझ्याकडून कळलेलं काहीही मी सोसेन, तुझ्याकडून न कळलेलं सोसवत नाही.

तुझा,
उत्तरेश्वर


हिवरवाडी
१९ मे २०२६

चि. उत्तरेश्वर यास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

वेड्या, तू आमचाच आहेस. नाक आबांचं, हट्ट मायचा आणि रंग कोणाचा ते देवाला माहीत. त्या दिवशी कोणी गेलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. आबांनी गावात गूळ वाटला. तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला. आता सगळं सांगते, पण मी सांगते तसं ऐक, मधल्यामधे वाईट वाटून घेऊ नकोस.

तू झालास तेव्हा मी दुसरीत होते. शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. पावसाळ्याचे दिवस होते, गुरुजी पाढे घेत होते आणि मी पुढच्या रांगेत होते. आबा दारात आले, अंगावर पोत्याची खोळ. त्यांनी गुरुजींना सांगितलं की घरी मुलगा झाला, पोरीला न्यायला आलोय. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी उड्या मारतच घरी गेले आणि पाटी तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी मी पाटी आणायला निघाले तर माय म्हणाली की आता लेकराला तू सांभाळायचंस, मला खुरपायला जावं लागणार. पाटी मग आबांनी आणली. तीच पुढे तुला मिळाली. तिच्या लाकडावर खिळ्याने द कोरला होता. तू विचारायचास हा द कशाचा, मी सांगायचे दगडाचा.

एवढंच आहे. तेव्हा सगळ्याच पोरी अशा घरी राहायच्या, त्यात कोणाचा दोष नव्हता आणि पाळण्यातल्या तुझा तर नव्हताच. पण मला तुझा स्वभाव माहीत आहे. फळ्यावर एक साल चुकलं तर तुला दोन दिवस अन्न गोड लागत नाही. तो दिवस कळला तर दर वर्षी ओवाळून घेताना तुला माझी शाळा आठवेल आणि तू तोंड पाडून बसशील. म्हणून सांगितला नाही. सांगणारही नाही.

आता एक जूनचं ऐक. ते तुला आठवणार नाही, सहा वर्षांचा होतास. सत्तावन्न साल. सुट्टी संपून शाळा उघडली तो दिवस, शनिवार होता, सकाळची शाळा. वाटेत मारुतीला तेल घालून आबा आणि मी तुला घेऊन गेलो. नवीन गुरुजी होते. त्यांनी जन्मतारीख विचारली. मी तोंड उघडणार होते, पण आबांनी आभाळाकडे बघितलं, गुरुजी हसले आणि त्यांनी एक जून लिहून टाकली. आबा शेताला गेले. मला सांगून गेले की पोराला बसव आणि घरी जा.

मला घरी जायचं नव्हतं. आणि मी तयारीने गेले होते. आदल्या संध्याकाळी तुला गोठ्यामागे नेऊन पढवलं होतं की मी उठायला लागले की रडायचं, मी परत बसले की गप्प व्हायचं, आणि मग गुळाचा खडा मिळणार. तू असा रडलास की गुरुजींच्या हातातला खडू पडला. मी बसले, तू गप्प. उठले, पुन्हा भोकाड. शेवटी गुरुजी कंटाळून म्हणाले की पोरगं रुळेपर्यंत बस बाई तू इथेच. चौदा वर्षांची घोडी मी, पहिलीच्या पोरांत मांडी घालून बसले.

तू काही लवकर रुळला नाहीस. तुला गोडाची आवड. गावाने तुला रडका नाव ठेवलं, ते तू निमूट सोसलंस आणि गूळ खाल्लास. दिवाळीत अनारशांसाठी मायनं गुळाचं मडकं उघडलं तर तळ दिसला, तेव्हा आपली शाळा उघडकीला आली. पण तोवर माझी जोडाक्षरं झाली होती. पुढचं तुझ्या पुस्तकांवर केलं, लग्न होईपर्यंत. आज कानाने दगा दिला तरी मी तुला पत्र लिहिते, तुझं वाचते. पोस्टमन मला बाई म्हणून हाक मारतो, गावातल्या बायका कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. हे सगळं त्या गुळावर झालं.

मला त्या पावसाळ्यातल्या दिवसाचं वाईट वाटत नाही. खरं सांगते. तेव्हा वाटलं होतं, सहा वर्षं वाटत होतं. मग तू मला हाताला धरून परत शाळेत नेलंस, लोकांना वाटलं मीच तुला नेलं. तुझी तारीख गुरुजींनी अंदाजे लिहिली असेल, पण त्या दिवशी आपण दोघं शेजारी बसलो ते अंदाजे नाही. म्हणून कोणी मला विचारलं की तुझ्या भावाचा वाढदिवस कधी, तर मी एक जून सांगते आणि मला ते खोटं वाटत नाही.

तेव्हा हट्ट सोड आणि पाटावर बस. मी येणार नाही. मला ऐकू येत नाही, तुझ्या पुणेकरांत नुसती बाहुलीसारखी बसून काय करू? त्या दिवशी इथून तुझ्या नावाने निरांजन लावीन. मनात काही ठेवू नकोस, माझ्या मनात काही नाही.

तुझी,
अक्का


कोथरूड, पुणे
२४ मे २०२६

ती. स्व. अक्कास,
त्याच धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं. ओवरीपर्यंत मी वाचलं, पुढचं अपेक्षाने वाचलं, कारण मला वाचता येईना. गुळापाशी ती आली तेव्हा संतोष इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते बराच वेळ थांबलं नाही. भाग्यश्रीने त्या दिवशी आम्हा दोघांना एकाच वेळी वाढलं.

मी वाईट वाटून घेणार नाही असं तुला वचन देता येत नाही. एक दिवस वाटून घेतलं. तो द दगडाचा नव्हता, हे मला इतकी वर्षं कळू नये! दुसऱ्या दिवशी उठलो तेव्हा मात्र छातीवरचं ओझं उतरलेलं होतं. पावसाळा म्हणालीस, दुसरी म्हणालीस, पंचांग लावून महिना तरी काढता आला असता. काढला नाही. तो दिवस तुझ्याकडेच राहू दे.

पण एक गोष्ट पडताळली, सवयच आहे. १ जून १९५७ या दिवशी वार कोणता होता ते पाहिलं. शनिवार. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, अपेक्षाकडून तिच्या फोनवर पाहून घेतलं. शनिवारच, तू लिहिलास तोच. म्हणजे गुरुजींनी हवेतली तारीख टाकली नव्हती, त्या दिवसाचीच टाकली होती. मी जन्मभर या तारखेला खोटी म्हणत आलो. नोकरीत म्हणालो, निरोप समारंभात म्हणालो, परवापर्यंत सर्जेरावांना शिकवत होतो. आणि त्या दिवशी आपल्या घरात केवढी खरी गोष्ट घडली होती!

मी समारंभाला तयार आहे. विजयमालाबाईंनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की त्यांच्या शाळेतही बहीण उठली की एक भाऊ असाच रडायचा, का ते आता कळलं. भाषण त्याच करणार आहेत. त्यांचं भाषण सुरू झालं की आम्ही सगळे तुझ्याकडे हेव्याने बघू, त्यामुळे ऐकू येत नाही ही सबब चालणार नाही. संतोष शनिवारी, तीस तारखेला, गाडी घेऊन तुला न्यायला येतो आहे. संपतला आणि त्याच्या बायकोलाही घेऊन ये, घराला कुलूप लाव.

पाट एक नाही, दोन मांडायला सांगितले आहेत. तू बसलीस तरच मी बसेन. तू आली नाहीस, किंवा आलीस आणि मधेच उठलीस, तर भर हॉलमध्ये भोकाड पसरीन, आणि आता त्यासाठी मला गूळ लागत नाही.

तुझ्या शेजारी बसणारा,
उत्तरेश्वर